क्नूड रासमुसेन आणि पाचवी थूले मोहीम: हे मानवशास्त्र नेमकं चालायचं कसं?

उत्तरवारा (धागाकर्ता)

आर्क्टिकच्या इनुइट (मूळ रहिवासी) लोकांच्या जीवनाच्या नोंदी करणारा डॅनिश-ग्रीनलंडी प्रवासी क्नूड रासमुसेन याचं नाव निघालं की गप्पा लगेच वादळं, अस्वलं आणि कुत्र्यांच्या गाड्यांवर जातात. इथे त्याच्या कामाबद्दल बोलू या: पैसा कुठून आला, सोबत कोण होतं, नोंदी कशा झाल्या आणि शंभर वर्षांनी त्यातलं काय उरलं. माझं म्हणणं आधीच मांडतो. रासमुसेनचं मानवशास्त्र विद्यापीठात घडलं नाही, ते दुकानात आणि स्लेजवर (कुत्र्यांच्या बर्फगाडीवर) घडलं. त्याच्या नोंदींचा कस आणि त्यातल्या उणिवा, दोन्हींचं मूळ तिथेच आहे.

जन्म ७ जून १८७९, पश्चिम ग्रीनलंडमधल्या इलुलिसातचा. वडील डॅनिश पाद्री आणि ग्रीनलंडी भाषेचे जाणकार, आईकडून इनुइट वारसा. त्यामुळे कलाल्लिसुत (ग्रीनलंडी) भाषा आणि कुत्र्यांची गाडी हाकणं दोन्ही लहानपणीच अंगवळणी पडलं. पुढे शिक्षणासाठी डेन्मार्कला रवानगी झाली. तिथे नट किंवा गायक व्हायची धडपड फसली. मानवशास्त्राची पदवी त्याने कधी घेतलीच नाही, मानद डॉक्टरेट मात्र नंतर मिळाल्या. १९०२ ते १९०४ या काळात लुडविग मुलियुस-एरिक्सेनच्या मोहिमेबरोबर तो वायव्य ग्रीनलंडच्या इनुघुइट लोकांपर्यंत पोचला आणि तिथून त्याची दिशा ठरली.

१९१० मध्ये त्याने पेटर फ्रॉयकेनला घेऊन तिथेच खाजगी व्यापारी ठाणं उघडलं आणि नाव ठेवलं थूले. डॅनिश सरकारचा कारभार तेव्हा तिथवर पोचलेला नव्हता. शिकारी कोल्ह्याची कातडी आणणार, बदल्यात बंदुका, काडतुसं, सुया, चाकू, लाकूड, चहा, तंबाखू नेणार. नफा मोहिमांना. अशा सात मोहिमा झाल्या, पहिली १९१२ ची आणि शेवटची १९३२–३३ ची. लोकजीवनाच्या दृष्टीने सर्वांत भरघोस ती पाचवी, १९२१ ते १९२४.

त्या मोहिमेत डॅनिश मंडळींपैकी तेर्केल मॅथियासेनकडे पुरातत्त्व, काइ बिर्केट-स्मिथकडे वस्तुसंस्कृती, फ्रॉयकेनकडे नकाशे आणि निसर्गनोंदी, शिवाय मदतीला हेल्गे बांगस्टेड. पश्चिम ग्रीनलंडचा याकोब ओल्सेन दुभाष्या आणि लेखनिक. थूलेहून आलेले इनुघुइट स्त्री-पुरुष शिकार, गाड्या आणि शिवण सांभाळायला. हडसन उपसागराच्या वायव्येला एका छोट्या बेटावर घर बांधून तळ टाकला. मार्च १९२३ मध्ये रासमुसेन तिथून पश्चिमेला निघाला, सोबत त्या इनुघुइटांपैकी फक्त मितेक आणि अर्नारुलुंगुआक. ऑगस्ट १९२४ मध्ये ते अलास्कातल्या नोमला पोचले. सप्टेंबरात रासमुसेन बेरिंग सामुद्रधुनी ओलांडून सायबेरियाच्या टोकावर उतरला, पण सोव्हिएत अधिकाऱ्यांनी परवान्याअभावी परत पाठवला.

आता जाणकारांनी भर घालावी.

हिशेबनीस

चांगला धागा. दुकानाचा मुद्दा बरोबरच आहे, पण मी त्याहून साधा हिशेब पुढे ठेवतो: कुत्र्यांचं पोट.

पश्चिमेच्या प्रवासात दोन स्लेज, प्रत्येकीला बारा, म्हणजे २४ कुत्रे. कडाक्याच्या थंडीत राबणाऱ्या कुत्र्याला रोज साधारण २ किलो ताजं मांस धरा. चरबी भरपूर असेल तर थोडं कमी, वाटचालीत एक दिवसाआड घालायचीही रीत होती. तरी सरासरी रोजचे ४०–५० किलो. दहा दिवसांचं मांस घेतलं की एक स्लेज त्यातच भरली. मग वह्या, खरेदी केलेल्या वस्तू, काडतुसं आणि बिछाने ठेवायचे कुठे? म्हणून मांस वाटेत मिळवायचं. स्वतः शिकार करा, नाहीतर एखाद्या वस्तीवर जाऊन सुया-काडतुसांच्या बदल्यात घ्या.

याचा परिणाम थेट नोंदींवर झाला. हडसन उपसागराच्या उत्तरेला इग्लुलिकच्या भागात वॉलरस मुबलक. साठवलेल्या मांसाचे ढीग असायचे, त्यामुळे आउआसारख्या अंगाकोकबरोबर (अंगाकोक म्हणजे आत्म्यांशी बोलणारा, आपल्याकडच्या भगताच्या जवळपासचा) रात्रीमागून रात्री बसता आलं. नेत्सिलिक लोकांकडे (मध्य आर्क्टिकातला इनुइट गट) हिवाळ्यात सगळी भिस्त बर्फातल्या श्वासछिद्रांवरच्या शिकारीवर. एक सील अनेक छिद्रं वापरतं, म्हणून दहा-पंधरा शिकारी वेगवेगळ्या छिद्रांवर तासन्‌तास न हलता उभे राहतात, तेव्हा कुठे एखाद्याला मिळतं. आणि एक लहान जातीचं सील म्हणजे २४ कुत्र्यांचं जेमतेम एका दिवसाचं खाणं! अशा वस्तीवर पाहुण्याने महिनाभर राहणं म्हणजे यजमानांच्या ताटातलं उचलणं. मग नेत्सिलिकांवरचा त्याचा ग्रंथ इतका भरीव कसा? कारण १९२३ चा उन्हाळा आणि शरद त्याने किंग विल्यम बेटावर काढला. तिथे कॅरिबूंचे (आर्क्टिकातल्या हरणांचे) कळप सामुद्रधुनी ओलांडतात तेव्हा मांस पुरतं, आणि समुद्र गोठेपर्यंत पुढे जाताही येत नाही.

त्याच्या ग्रंथांत कुठल्या गटाला किती पानं मिळाली हे पाहताना तिथे तेव्हा मांस किती होतं हेही बघत जा.

घसरपट्टी

हिशेबनीसांना +१. स्लेजच्या धावांबद्दल (बर्फावर घसरणाऱ्या खालच्या पट्ट्यांबद्दल) लिहितो, कारण थूलेच्या मंडळींनी कॅनडात शिकलेली ही मोठी गोष्ट.

लोखंडी पट्टीची धाव उणे ३० च्या खाली ओढायला जड होते. घर्षणाने बर्फाचा जो पातळ ओलावा सुटायला हवा तो इतक्या थंडीत सुटत नाही आणि कोरडा हिमकण वाळूसारखा धरतो. मध्य आर्क्टिकातला उपाय मातीचा. कुजकट गवताळ माती जमीन गोठण्याआधी जमवून ठेवायची. वापरताना कोमट पाण्यात कालवून घट्ट पिठासारखी मळायची. त्यात एकही खडा राहता कामा नये, कारण धाव तिथेच फुटते. गाडी उलटी करून हाताने थापायची, गोठली की चाकूने किंवा रंध्याने गुळगुळीत करायची. मग तोंडात पाणी धरून फवारायचं आणि अस्वलाच्या कातड्याच्या तुकड्याने लगेच पुसत न्यायचं, की काचेसारखा थर बसतो. हा थर दिवसातून पुन्हा पुन्हा चढवावा लागतो.

बिघडतं कुठे? खडकाळ किनारा किंवा उंचसखल दाबबर्फ (दाबाने उचकटून वर आलेला बर्फ) आला की मातीचा टवका उडतो. माती संपलेली असेल तर ओटची लापशी थापून वेळ मारून नेतात. आणि वसंतात उन्हाची बाजू सुटू लागते. म्हणून थांबल्यावर धावांवर कातडं टाकायचं, दुपारी झोपायचं आणि रात्री चालायचं.

कुत्रे जोडायची पद्धतही वाटेत बदलते. ग्रीनलंड आणि मध्य आर्क्टिकात पंख्यासारखी, प्रत्येक कुत्र्याला वेगळा दोर. भेग आली तर एकाच कुत्र्याचं नुकसान, पण दोरांचा गुंता रोज सोडवावा लागतो. पश्चिमेला, जिथे झाडी आणि चिंचोळी वाट, तिथे एकामागे एक जोडी.

बारीकसारीक

फार छान माहिती. एक विचारू का? अर्नारुलुंगुआकचा उल्लेख सगळीकडे "सोबत एक स्त्रीही होती" एवढ्यावरच उरकतात. तिचं काम नेमकं काय होतं?

सुईदोरा

@बारीकसारीक, ती नसती तर हा प्रवास पहिल्या हिवाळ्यातच अडला असता. तिचा नवरा इग्गियांगुआक मोहिमेबरोबरच निघाला होता, ग्रीनलंड सोडण्याआधीच साथीच्या फ्लूने गेला. ती तरीही आली.

एका मोठ्या माणसाच्या हिवाळी पोशाखाला कॅरिबूची ६ ते ८ कातडी लागतात. आतला अंगरखा केस आत, बाहेरचा केस बाहेर. मधली हवा ऊब धरते. कातडी उन्हाळा सरतानाची हवीत. त्याआधीच्यांना माश्यांच्या अळ्यांची भोकं असतात, ऐन हिवाळ्यातल्यांचे केस लांब आणि झडणारे. शिवायला प्राण्याच्या कंडरेचा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या चिवट तंतूंचा) धागा, तो भिजला की फुगतो आणि टाक्याचं भोक बंद करतो. बुटांच्या जलरोधक शिवणीत सुई कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच न्यायची, आरपार नाही. दाढीवाल्या सीलच्या कातड्याचे तळवे रोज चावून मऊ करायचे, बूट रात्री दिव्यावर वाळवायचे, उसवलं असेल ते झोपण्याआधी शिवायचं. ओला बूट घालून उणे ४० मध्ये निघालं की बोटं गेलीच. फ्रॉयकेनचा पाय हिमदंशानेच गेला, तो वादळात अडकल्यामुळे. त्या सुटकेच्या रंगवून सांगितलेल्या गोष्टींवर कितपत विसंबायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पाय गेला एवढं खरं.

आता यातला गुंता बघा. इग्लुलिक आणि नेत्सिलिक लोकांत जमिनीवरचे प्राणी आणि समुद्रातले प्राणी एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत असे कडक निषेध होते. समुद्रबर्फावर सीलची शिकार सुरू झाली की कॅरिबूच्या कातड्याचे नवे कपडे शिवणं बंद. सगळं शिवण त्याआधी, शरदात, किनाऱ्यावरच्या वस्तीत उरकायचं. म्हणजे रासमुसेन ज्या निषेधांची यादी वहीत लिहीत होता त्याच निषेधांच्या वेळापत्रकात पाहुण्यांनाही आपले कपडे बसवावे लागत. ही यादी फक्त बाहेरून पाहून केलेली नाही, म्हणूनच ती इतकी बारीक आहे.

बोरू

नोंदींच्या पद्धतीबद्दल थोडं. रासमुसेन प्रश्नावली घेऊन बसत नसे. आधी स्वतः ग्रीनलंडची एक कथा सांगायची. समोरचा म्हणतो, ही आमच्याकडेही आहे, पण अशी नाही. झाली सुरुवात. किव्हिउक नावाच्या भटक्या नायकाची कथा ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंत कुठल्या ना कुठल्या रूपात आहे, समुद्रतळाशी राहणारी प्राण्यांची मालकीण नावं बदलत जवळपास सगळीकडे भेटते. त्यामुळे देवाणघेवाणीला भांडवल कायम हाताशी.

भाषेचा फायदा उघड आहे. १८८३–८४ मध्ये बॅफिन बेटावर गेलेल्या मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसला आधी तिथल्या व्हेल-शिकाऱ्यांच्या मिश्र बोलीवर आणि थोड्या शिकलेल्या इनुक्टिटुतवर (कॅनडातल्या इनुइट भाषेवर) भागवावं लागलं होतं. रासमुसेनला पहिल्या दिवसापासून विनोद कळत होता. पण याच फायद्याने एक तोटाही दिला. त्याने आणि ओल्सेनने मजकूर लिहिला तो ग्रीनलंडी लेखनाच्या वळणाने. ग्रीनलंडात समुद्रबर्फाला 'सिकु' म्हणतात, नेत्सिलिक आणि त्यांच्या पश्चिमेचे कॉपर इनुइट 'हिकु' म्हणतात. असे स्थानिक उच्चारांचे फरक त्या लेखनात पुसट होतात. कथेसाठी त्याचे ग्रंथ सोनं, ध्वनिविचारासाठी जपून वापरायचे. बेरिंग समुद्राकडे तर युपिक ही वेगळीच भाषा, तिथे त्याचं कान देऊन समजणं संपतं. नोमला तो होता तेव्हा उन्हाळ्यात नुनिवाकसारख्या बेटांवरची माणसं व्यापारासाठी आलेली होती. तिथल्या नोंदी पाहुण्यांच्या तोंडून घेतलेल्या आहेत, त्यांच्या घरी जाऊन नाहीत, हे वाचताना ध्यानात ठेवावं.

तिरकस

आरती पुरे, थोडं वाकडं बोलतो.

एक. "अस्पर्शित" समाजाची हवा या साहित्यावर फार चढवली जाते. १९२२ मध्ये रासमुसेन हडसन उपसागराच्या पश्चिमेला आतल्या प्रदेशात इग्युगार्युक या अंगाकोकच्या तंबूशी पोचला तेव्हा स्वागताला ग्रामोफोनवर ऑपेरा-गायक कारुझो गात होता! हे त्याने स्वतःच लिहिलंय. इग्लुलिककडे ख्रिस्ती शिकवणही तोवर शिरली होती आणि ती मिशनऱ्यांनी नव्हे, बॅफिन बेटावरच्या पाँड इनलेटच्या बाजूने इनुइटांनीच आणली होती.

दोन, ताईत. नेत्सिलिक वस्त्यांत त्याने शेकडो ताईत विकत घेतले. एका लहान मुलाच्या कपड्यांवर ८० होते. लोक बिचकत होते तेव्हा त्याने पटवलं की वस्तू गेली तरी तिची शक्ती मूळ मालकापाशीच राहते, आणि मोबदल्यात सुया-चाकूंबरोबर स्वतःचे केसही वाटले. चातुर्य आहे, पण याला आजच्या अर्थाने संमती म्हणायचं का? त्या वस्तू आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

तीन, आकडे. किंग विल्यम बेटावर १८ स्त्रियांना विचारून त्याने ९६ जन्मांपैकी ३८ मुलींना जन्मतःच मारल्याची नोंद केली. पुढची अनेक दशकं नेत्सिलिकांवरचे लेख हा आकडा उगाळत राहिले. १९७० च्या दशकात लोकसंख्येचं गणित मांडणाऱ्यांनी विचारलं: हा दर पिढ्यान्‌पिढ्या राहिला असता तर हा समाज टिकला कसा? प्रथा होती यात शंका नाही. पण एका वस्तीतल्या, आठवणीवर बेतलेल्या, एकाच हंगामात घेतलेल्या नोंदीवरून कायमचा दर काढता येत नाही.

उत्तरवारा

@तिरकस, तिसरा मुद्दा पूर्ण मान्य. पहिल्याबद्दल एवढंच की ग्रामोफोन लपवायचा असता तर त्याने तो लिहिलाच नसता. वाचणाऱ्यांनी तो सोयीने गाळला.

राहिला प्रश्न फिरत काम करण्याचा. त्याच्या आधी काही वर्षं, १९१४ ते १९१६, न्यूझीलंडचा डायमंड जेनेस कॉपर इनुइटांमध्ये राहिला. एका कुटुंबाने मुलगा म्हणून घरात घेतलं, उन्हाळा त्यांच्यामागे व्हिक्टोरिया बेटावर पायपीट. त्याने मेणाच्या नळकांड्यांवर शंभराहून जास्त गाणी ध्वनिमुद्रित केली. एका गटाचं वर्ष कसं सरकतं हे जेनेसकडे वाचावं. तीच कथा, तोच निषेध, तीच देवता हजारो किलोमीटरच्या पट्ट्यात कशी बदलत जाते हे रासमुसेनशिवाय कुणाकडेच नाही, कारण तो सगळा पट्टा एका भाषेच्या आधारावर सलग पार करणारा तोच. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

खणकाम

पुरातत्त्वाकडे कुणीच वळलं नाही म्हणून. मॅथियासेनने १९२२ मध्ये रिपल्स बेजवळ नौयान इथे जुनी घरं खणली. गोठलेल्या जमिनीत कुदळ चालत नाही. वरचा काही सेंटिमीटरचा थर उन्हाने सुटतो तेवढा काढायचा, खालचा सुटेपर्यंत शेजारच्या घरावर जायचं, मग परत. वितळलेलं पाणी खड्ड्यात साचतं, त्याला चर काढला नाही तर सगळा चिखल. घाईने खुरपलं तर गोठलेलं हाडाचं हत्यार मधोमध मोडतं. फायदा असा की लाकूड, कातडं, बालीनचे (व्हेलच्या तोंडातले लवचिक) पट्टे शतकानुशतकं टिकलेले मिळतात.

त्यातून त्याने व्हेलची शिकार करणारी, अलास्काकडून पूर्वेला पसरलेली 'थूले संस्कृती' मांडली. हे मूळ चित्र आजही उभं आहे, आजचे इनुइट तिचेच वंशज. चुकलं कुठे? जेनेसने १९२५ मध्ये संग्रहातल्या वस्तू तपासून तिच्याआधीची 'डॉर्सेट' संस्कृती ओळखली होती. मॅथियासेन ती वेगळी आणि आधीची मानायला तयार नव्हता. जेनेस बरोबर ठरला.

बिर्केट-स्मिथचा सिद्धान्त तर पुरताच पडला. आतल्या प्रदेशातले कॅरिबू इनुइट म्हणजे मूळ इनुइट संस्कृतीचा अवशेष, असं तो म्हणत होता. पुढे अर्नेस्ट बर्चने कागदपत्रं लावून दाखवलं की ते किनाऱ्याकडूनच आत सरकले, तेही अलीकडच्या काळात. बिर्केट-स्मिथचा वस्तूंचा ग्रंथ मात्र अजूनही उघडावा लागतो. होडीच्या बरगड्या, तंबूचे खांब, मापासकट सगळं आहे. सिद्धान्त गेला, मापं राहिली.

हिशेबनीस

अवांतर, पण पैशाच्या धाग्यातलंच: राजकारण. ग्रीनलंडसमोरच्या एल्समिअर बेटावरच्या कस्तुरी-बैलांची शिकार ग्रीनलंडच्या लोकांनी थांबवावी असं कॅनडाने १९१९ मध्ये डेन्मार्कला कळवलं. रासमुसेनचं उत्तर होतं की ती जमीन कुणाच्याच मालकीची नाही, तिथला कारभार मी ठाण्यातूनच चालवतो. ओटावात धावपळ उडाली, आणि १९२२ पासून कॅनडाची जहाजं दरवर्षी पूर्व आर्क्टिकात गस्तीला आणि चौक्या बसवायला जाऊ लागली. मानवशास्त्रज्ञाच्या दुकानामुळे एका देशाला आपल्या उत्तरेकडे लक्ष द्यावं लागलं.

ठाण्यात रासमुसेनने १९२७ मध्ये शिकाऱ्यांची परिषद बसवली आणि १९२९ मध्ये लेखी नियम आणले. १९३७ मध्ये ठाणं सरकारकडे गेलं. १९५१ पासून तिथे अमेरिकी हवाई तळ उभा राहिला आणि १९५३ मध्ये लोकांना उत्तरेला कानाकला हलवलं. रासमुसेन तोवर नव्हता. सातव्या मोहिमेत आंबवलेल्या मांसातून विषबाधा, त्यावर न्यूमोनिया, आणि २१ डिसेंबर १९३३ ला मृत्यू.

बारीकसारीक

आज कुणाला भारतातून या क्षेत्रात काम करायचं असेल तर? गोव्याची ध्रुवीय संशोधन संस्था उपयोगी पडेल का?

खणकाम

@बारीकसारीक, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राचं उत्तरेतलं 'हिमाद्री' ठाणं २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलेसुंदला आहे. काम हिमनद्या, हवा, समुद्रजीव यांचं. स्वालबार्डला मूळ रहिवासी समाजच नाही, त्यामुळे लोकजीवनाच्या अभ्यासाला तो रस्ता नाही.

कॅनडाच्या नुनावुत या इनुइट प्रदेशात काम करायचं तर तिथल्या संशोधन संस्थेचा परवाना कायद्याने लागतो, सामाजिक संशोधनालासुद्धा. अर्जाबरोबर साध्या भाषेतला गोषवारा, त्याचा इनुइट भाषेतला अनुवाद, सहभागी लोकांच्या संमतीचे कागद. तो गोषवारा संबंधित वस्तीकडे मतासाठी जातो. अर्ज बहुधा इथेच अडकतात: वस्तीशी आधी काहीच बोलणं झालेलं नसतं, आणि निष्कर्ष परत कसे पोचवणार याची ओळही नसते. पुरातत्त्वाचा परवाना वेगळा, नुसती पाहणी पहिल्या वर्गात, खणणं किंवा वस्तू उचलणं दुसऱ्या वर्गात. कॅनडातल्या इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये संशोधनाचं धोरण जाहीर केलंय, माहितीवर मालकी कुणाची हा त्यातला कळीचा भाग. अर्जाआधी ते वाचाच.

भाषेला किमान दोन वर्षं द्या. पॅरिसच्या पौर्वात्य भाषा संस्थेत इनुक्टिटुत शिकवतात, कलाल्लिसुतसाठी ग्रीनलंडची राजधानी नूकचं विद्यापीठ.

सुईदोरा

आणि भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी: ग्रीनलंड शेंगेनमध्ये येत नाही. डेन्मार्कचा साधा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही, ग्रीनलंडसाठी वैध असा स्पष्ट शेरा असलेला वेगळा व्हिसा अर्जातच मागावा लागतो. विमान बहुतेकदा कोपनहेगनहून, म्हणजे शेंगेनमध्ये जाताना एकदा आणि परतताना पुन्हा प्रवेश. त्यामुळे शेंगेनचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा घ्या.